फोमच्या पंखावरील लाकडी आवरण

फोमच्या पंखावरील लाकडी आवरण ही प्रतिकृती विमानांचे (एरोमॉडेल) पंख तयार करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत पॉलिस्टायरीन फोमचा गाभा वातपर्णाच्या आकारात कापला जातो. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवर बाल्सा किंवा तत्सम हलक्या लाकडाचे पातळ पत्रे आसंजकाने चिकटवले जातात. फोम, आसंजक आणि लाकूड हे तिन्ही घटक एकटे असताना दुर्बळ असतात, परंतु एकत्र आल्यावर त्यांची हलकी व ताठ अशी संमिश्र रचना तयार होते. हवाई कसरतींची रेडिओ-नियंत्रित विमाने, शर्यतीची विमाने आणि डोंगरउतारावर उडवली जाणारी ग्लायडर यांच्या पंखांसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

या रचनेत आसंजकाचा थर सर्वांत पातळ असतो, पण पंखाचे बळ त्याच्यावरच सर्वाधिक अवलंबून असते. लाकूड फोमपासून सुटले, तर बाहेरून निर्दोष दिसणारा पंखही उड्डाणात अचानक मोडू शकतो. त्यामुळे आसंजकाची निवड, त्याचे प्रमाण आणि तो सुकेपर्यंत द्यावयाचा दाब या तीन बाबींना या पद्धतीत मध्यवर्ती स्थान आहे.

रचनेमागील तत्त्व

उड्डाण करताना उत्थापक बल पंखाला वरच्या दिशेने वाकवू पाहते. अशा वेळी पंखाचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो आणि वरचा पृष्ठभाग दाबला जातो. पंखाच्या मध्यभागातील द्रव्यावर वाकण्याचा ताण फारच थोडा येतो. म्हणून मजबूत द्रव्य पृष्ठभागांवर ठेवून मधली जागा हलक्या द्रव्याने भरली, तर कमी वजनात अधिक ताठरपणा मिळतो. दोन पृष्ठभागांमधील अंतर दुप्पट केल्यास ताठरपणा सुमारे चौपट होतो. या रचनेला सँडविच रचना असे म्हणतात.

या रचनेत लाकडी आवरण ताण व दाब पेलते. फोम दोन्ही आवरणांमधील अंतर कायम राखतो आणि त्यांच्यातील कर्तन बल एका आवरणाकडून दुसऱ्याकडे पोचवतो. हे बल आसंजकाच्या थरामधूनच जाते.

एका ढोबळ हिशेबावरून या बलांची कल्पना येते. १.६ मीटर पंखविस्तार, २५ सेंमी जीवा आणि ३ सेंमी कमाल जाडी असलेला आयताकृती पंख व एकूण २.५ किलोग्रॅम वजनाचे विमान घेतले, तर तीव्र वळणात गुरुत्वाच्या दहापट भार आल्यास पंखाला सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतके बल पेलावे लागते. पंखाच्या मुळाशी त्यातून सुमारे ४४ न्यूटन-मीटर इतका वाकवणारा आघूर्ण निर्माण होतो. आवरणांमधील अंतर केवळ २८ मिमी असल्याने प्रत्येक आवरणावर किमान १,५०० न्यूटन, म्हणजे दीडशे किलोग्रॅम वजनाहून अधिक बल येते. आवरण १.५ मिमी जाडीचे असल्यास हे सरासरी ४ न्यूटन प्रति चौरस मिमी इतके प्रतिबल होते. पंखाच्या कडांकडे जाडी कमी होत असल्यामुळे सर्वांत जाड भागावरील प्रतिबल या सरासरीपेक्षा अधिक असते.

लाकूड ताणापेक्षा दाबाखाली लवकर निकामी होते. शिवाय पातळ पत्रा दाबला गेला, की तुटण्यापूर्वी तो बाजूला वाकून फुगू पाहतो. या फुगण्याला खालचा फोम विरोध करतो, पण पत्रा फोमला चिकटलेला असेल तरच. आवरणाला सुरकुती पडण्याचे प्रतिबल हे लाकडाची प्रत्यास्थता, फोमची प्रत्यास्थता आणि फोमचा कर्तनविरोध या तिघांच्या गुणाकाराच्या घनमुळाशी साधारणपणे प्रमाणबद्ध असते. एखाद्या ठिकाणी पत्रा सुटलेला राहिला, तर तेथे फोमचा आधार संपतो आणि तो भाग एकट्या पातळ पट्टीप्रमाणे वागतो. सुटलेल्या भागाची लांबी दुप्पट झाली, की त्याची दाब पेलण्याची क्षमता एक चतुर्थांश उरते. म्हणूनच वरच्या आवरणाखाली, विशेषतः मुळाजवळ राहिलेला हवेचा फुगा धोकादायक मानला जातो.

लाकडी आवरण पंखाला पीळ पडण्यासही विरोध करते. आवरण पुढच्या व मागच्या कडेला जोडले गेल्यावर पंख एका बंद नळीसारखा होतो, आणि बंद नळीला पीळ देणे उघड्या पत्र्याच्या तुलनेत पुष्कळ कठीण असते.

इतिहास

हलका गाभा व मजबूत आवरण ही कल्पना प्रतिकृती विमानांपूर्वी प्रत्यक्ष विमानांमध्ये वापरली गेली. ब्रिटनचे डी हॅव्हिलंड मॉस्किटो हे विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. त्याच्या धडाच्या भिंतींमध्ये बर्च लाकडाच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्साचा गाभा होता. प्रतिकृती विमानाच्या पंखात आवरण म्हणून येणारे बाल्सा तेथे गाभ्याच्या जागी होते. मॉस्किटोच्या बांधणीत सुरुवातीला दुधातील केसीनपासून बनवलेला गोंद वापरला जात असे. दमट हवेत तो टिकाव धरत नसल्याने पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइड प्रकारचे आसंजक वापरात आले.

मण्यांपासून बनणारा पॉलिस्टायरीन फोम १९५० च्या सुमारास जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने विकसित केला. स्वस्त, हलका आणि तप्त तारेने सहज कापता येणारा हा पदार्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एरोमॉडेलिंगमध्ये रुळला. तत्पूर्वी पंख प्रामुख्याने बाल्साच्या फासळ्या व दांडे जोडून बांधले जात. कापण्यासाठी लागणारी नायक्रोमची तार मात्र त्याआधीच उपलब्ध होती. निकेल व क्रोमियमच्या या मिश्रधातूचे पेटंट अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले होते.

अमेरिकन अभियंता बर्ट रुटान यांच्या व्हेरीइझी या विमानाने १९७५ मध्ये पहिले उड्डाण केले. माणूस बसू शकणाऱ्या या घरबांधणीच्या विमानाचे पंखही तप्त तारेने कापलेल्या फोमच्या गाभ्यावर बनवलेले होते. आवरण मात्र लाकडाऐवजी काचतंतू व इपॉक्सीचे होते.

साहित्य

फोम

गाभ्यासाठी मुख्यतः दोन प्रकारचे फोम वापरतात. पहिला प्रकार म्हणजे मण्यांचा पांढरा फोम. भारतात तो थर्माकोल या नावाने परिचित आहे. पंखांसाठी त्याची घनता साधारणतः १६ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. खोक्यांच्या आवेष्टनातील थर्माकोलची घनता अनेकदा असमान असते व त्यातील मणी सैल असतात, म्हणून तो पंखांसाठी योग्य समजला जात नाही. दुसरा प्रकार म्हणजे अखंड सूक्ष्म कोशिकांचा, बहुधा निळ्या किंवा गुलाबी रंगाचा एक्स्ट्रुडेड फोम. इमारतींच्या उष्णतारोधनासाठी बनवल्या जाणाऱ्या या फोमची घनता सुमारे २५ ते ३५ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. तो अधिक जड पण अधिक दाबसह असतो, त्यामुळे व्हिनियरसारख्या अतिपातळ आवरणाखाली त्याला पसंती दिली जाते.

दोन्ही फोम पॉलिस्टायरीनचेच असल्याने त्यांच्या मर्यादा सारख्या आहेत. टोल्यूइन, अ‍ॅसिटोन, थिनर आणि पेट्रोल यांत ते विरघळतात. सुमारे ८० अंश सेल्सियसच्या पुढे ते मऊ पडू लागतात.

लाकूड

बाल्सा हे मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील झाड असून त्याचे शास्त्रीय नाव ऑक्रोमा पिरॅमिडाले असे आहे. इक्वेडोर हा त्याचा प्रमुख निर्यातदार देश आहे. भेंडी, जास्वंद व काटेसावर ज्या माल्व्हेसी कुलात मोडतात त्याच कुलात बाल्साचाही समावेश होतो. अत्यंत मऊ असूनही वनस्पतिशास्त्रीय वर्गीकरणानुसार ते कठीण लाकडांच्या गटात येते. आवरणासाठी १०० ते १५० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेचे, १.५ मिमी जाडीचे पत्रे सामान्यतः निवडले जातात. ते बहुधा ७५ किंवा १०० मिमी रुंद आणि सुमारे ९०० मिमी लांब असतात.

पत्रा ओंडक्यातून कोणत्या दिशेने कापला आहे, यावर त्याचे वर्तन ठरते. वाढीच्या वर्तुळांना स्पर्शरेषेत कापलेला पत्रा आडव्या दिशेने सहज वाकतो, म्हणून पंखाच्या पुढच्या भागातील वक्रतेवर तो नीट बसतो. वर्तुळांना काटकोनात कापलेला, ठिपकेदार चमक असलेला पत्रा आडव्या दिशेने ताठ असतो व वाकवताना चिरतो. असा पत्रा फासळ्यांसाठी चांगला, परंतु गोलाईदार आवरणासाठी गैरसोयीचा ठरतो.

बाल्साखेरीज ओबेची या पश्चिम आफ्रिकी लाकडाचे सुमारे ०.६ मिमी जाडीचे व्हिनियरही वापरले जाते. त्याची घनता बाल्साच्या दुप्पट ते तिप्पट असते, पण जाडी निम्म्याहून कमी असल्याने वजनात फारसा फरक पडत नाही. त्याचा पृष्ठभाग कठीण असल्यामुळे दगडगोट्यांवर उतरणाऱ्या ग्लायडरांसाठी ते उपयुक्त ठरते.

आसंजके

आसंजक निवडताना पहिली कसोटी म्हणजे ते फोमला विरघळवणारे नसावे. प्रचलित आसंजके पुढीलप्रमाणे आहेत.

इपॉक्सी : राळ व हार्डनर यांच्या मिश्रणातून घट्ट होणारे हे आसंजक फोमवर परिणाम करत नाही. आवरणासाठी पातळ व सावकाश घट्ट होणारा प्रकार घेतला जातो. पत्रा बसवल्यानंतर जागेवर सरकवता येतो, हा त्याचा मोठा फायदा आहे. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर पसरवण्यापूर्वीच आळून येतो.

पॉलियुरेथेन : हे आसंजक हवेतील किंवा लाकडातील ओलाव्याशी अभिक्रिया होऊन घट्ट होते आणि घट्ट होताना फेसाळते. हा फेस मण्यांमधील फटींत शिरतो. फेस पत्रा उचलू शकतो, म्हणून सर्वत्र सारखा दाब आवश्यक असतो.

संपर्क आसंजक : सुतारकामात सनमायका चिकटवण्यासाठी वापरतात त्याच तत्त्वाचे हे आसंजक दोन्ही पृष्ठभागांना लावून, हाताला चिकटेनासे झाल्यावर पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. बाजारातील नेहमीच्या संपर्क आसंजकात टोल्यूइनसारखे द्रावक असते व ते फोम खाऊन टाकते. म्हणून पाण्याच्या आधारावरील किंवा फोमसाठी खास बनवलेला प्रकारच वापरावा लागतो. यात पकड तत्क्षणी बसते, त्यामुळे चूक सुधारण्यास वाव राहत नाही.

पांढरा गोंद : पॉलीव्हिनाइल अ‍ॅसिटेटवर आधारित हा गोंद फोमला सुरक्षित असला, तरी मोठ्या पृष्ठभागाखाली अडकलेले पाणी सुकण्यास फार वेळ लागतो. पाण्यामुळे बाल्सा फुगून पत्रा बाक धरतो. फोमवर तपकिरी कागद चढवण्याच्या स्वस्त पद्धतीत मात्र तो चांगला उपयोगी पडतो.

पॉलिएस्टर राळेत स्टायरीन असते व ते पॉलिस्टायरीनला विरघळवते. झटपट चिकटणारे सर्वसाधारण सायनोअ‍ॅक्रिलेटही फोमवर खड्डे पाडते. या दोहोंचा वापर फोमशी थेट संपर्कात करता येत नाही.

कृती

गाभा कापणे

प्लायवुड, फॉर्मायका किंवा अ‍ॅल्युमिनियमचे वातपर्णाच्या आकाराचे दोन फर्मे फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना टाचून बसवले जातात. फर्मा अंतिम वातपर्णापेक्षा आवरणाच्या जाडीइतका लहान ठेवावा लागतो. ३० मिमी जाडीच्या पंखाला १.५ मिमीचे आवरण असेल, तर गाभा २७ मिमीचा असतो. तार स्वतःभोवतीचा फोमही वितळवते, म्हणून फर्म्यात तेवढी जाडी पुन्हा वाढवली जाते.

धनुष्याला ताणून बांधलेली तप्त तार फर्म्यांच्या कडेवरून हळूहळू ओढली जाते. निमुळत्या पंखात मुळाचा फर्मा लांब व टोकाचा आखूड असल्याने तारेच्या दोन टोकांना भिन्न वेगाने जावे लागते. यासाठी दोन्ही फर्म्यांवर समान संख्येच्या खुणा करून त्यांना क्रमांक देतात. कापणाऱ्या दोन व्यक्तींपैकी एक जण क्रमांक मोठ्याने म्हणतो आणि दोघेही तार त्याच क्रमांकावर एकाच वेळी आणतात. टोकाकडे तार सावकाश सरकत असल्याने तेथील फोम किंचित अधिक वितळतो. तार फार वेगाने ओढली, तर तिचा मधला भाग मागे रेंगाळतो आणि पृष्ठभाग मध्यभागी बिघडतो. संगणक-नियंत्रित यंत्रांमध्ये तारेच्या दोन्ही टोकांची गती स्वतंत्रपणे ठरवली जाते.

ठोकळ्यातून उरलेले वरचे व खालचे तुकडे टाकून दिले जात नाहीत. त्यांचा आकार पंखाच्या वक्रतेशी तंतोतंत जुळत असल्यामुळे पुढे आवरण चिकटवताना ते पाळण्याप्रमाणे वापरले जातात.

गाभ्याची पूर्वतयारी

तारेने कापलेल्या पृष्ठभागावर वितळलेल्या फोमचे केसासारखे बारीक धागे राहतात. ते बारीक काचकागदाने हलकेच घासून काढतात आणि धूळ पूर्णपणे झटकतात. धूळ राहिल्यास आसंजक फोमऐवजी धुळीलाच चिकटते. सर्व्हो मोटरच्या तारांचे मार्ग, चाकांच्या आधाराचे लाकडी ठोकळे आणि मजबुतीकरणाचे दांडे या टप्प्यातच बसवावे लागतात.

पत्रा तयार करणे

बाल्साच्या अरुंद पट्ट्यांच्या कडा पट्टीने सरळ कापून, त्या एकमेकींना जोडून संपूर्ण पंखाएवढा एकच पत्रा बनवला जातो. पट्ट्या शेजारी ठेवून सांध्यावर चिकटपट्टी लावतात, पत्रा सांध्यावर उलटा दुमडून फटीत गोंद भरतात आणि पुन्हा सपाट करून वजनाखाली ठेवतात. लाकडाच्या तंतूंची दिशा पंखविस्ताराला समांतर ठेवली जाते, कारण ताण व दाब त्याच दिशेने येतात. पत्रा चिकटवण्यापूर्वीच घासून गुळगुळीत करणे हितावह असते. नंतर घासल्यास सांध्यातील कठीण गोंद उंच राहतो व शेजारचे मऊ लाकूड झिजून खाचा पडतात. शिवाय फोमचा आधार लवचीक असल्याने आवरण असमान झिजते.

चिकटवणे व दाब देणे

इपॉक्सी फोमला न लावता लाकडी पत्र्याला लावतात, म्हणजे फोमच्या फटींत ते वाया जात नाही. टाकाऊ प्लास्टिक कार्डाने ते पसरवून, लाकूड ओलसर दिसेल पण त्यावर द्रवाचा थर तरंगणार नाही इतपत निपटून काढले जाते. मुळाजवळच्या भागात या टप्प्यावर पातळ काचतंतूंचे कापड किंवा कार्बन तंतूंची पट्टी घालता येते. कापडाचे धागे ४५ अंशांत ठेवल्यास पीळविरोध वाढतो.

संपर्क आसंजकाच्या बाबतीत पत्रा व गाभा यांच्यामध्ये कागद ठेवण्याची युक्ती वापरली जाते. एक कड जुळवून दाबल्यानंतर कागद थोडाथोडा ओढून घेत पत्रा पुढे पुढे दाबत नेतात. त्यामुळे हवा अडकत नाही आणि पत्रा तिरका बसत नाही.

आवरण घातलेला गाभा उरलेल्या फोमच्या पाळण्यात ठेवून त्यावर वजन ठेवले जाते. खालचा पृष्ठभाग पूर्णपणे सपाट असणे अत्यावश्यक असते. काचेचे जाड तावदान किंवा ग्रॅनाइटचा ओटा यासाठी योग्य ठरतो. आसंजक घट्ट झाल्यावर पंखाचा आकार कायमचा ठरतो. या क्षणी पीळ राहिल्यास तो नंतर काढणे जवळजवळ अशक्य असते.

काही विमानांत मुद्दाम पीळ दिला जातो. पंखाच्या टोकाचा आपातकोन मुळापेक्षा कमी ठेवल्यास कमी वेगात आधी मुळाकडचा भाग उत्थापन गमावतो, टोके काम करत राहतात आणि विमान अचानक एका बाजूला कोसळत नाही. २५ सेंमी जीवेच्या टोकाला दोन अंशांचा असा पीळ हवा असल्यास पाळण्याखाली मागच्या कडेला सुमारे ९ मिमीची पट्टी सरकवली जाते.

निर्वात पिशवी

वजनाऐवजी निर्वात पिशवीचाही वापर होतो. पंख प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत घालून पंपाने हवा काढली, की बाहेरील वातावरणाचा दाब सर्व बाजूंनी समान पडतो. ०.२ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या अर्ध्या पंखावर ४० किलोग्रॅम वजन ठेवल्यास सुमारे २ किलोपास्कल दाब मिळतो. पिशवीतील दाब केवळ २० किलोपास्कलने कमी केला, तरी त्याच पंखावर सुमारे ४०० किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. पूर्ण निर्वात करणे मात्र घातक ठरते. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असून हलका पांढरा फोम त्याखाली चेपला जातो. म्हणून पांढऱ्या फोमसाठी वातावरणीय दाबाच्या पाव हिश्श्याच्या आसपास थांबतात, तर निळा फोम त्याहून अधिक दाब सहन करतो.

कडा व मध्यजोड

आवरण घट्ट झाल्यावर पुढची कड सपाट छाटून तेथे बाल्साची पट्टी चिकटवतात व रंध्याने आणि काचकागदाने तिला गोलाई देतात. दोन अर्धे पंख जोडताना मध्यभागी द्वितल कोन साधला जातो. या सांध्यावर वाकवणारा आघूर्ण सर्वाधिक असतो आणि नेमके येथेच लाकडी आवरण खंडित झालेले असते. म्हणून मध्यजोडावर काचतंतूंच्या कापडाची रुंद पट्टी इपॉक्सीने गुंडाळली जाते किंवा आत प्लायवुडचा जोडदांडा बसवला जातो. पट्टीची टोके एका सरळ रेषेत संपवल्यास तेथे ताठरपणा एकदम बदलतो व भेग पडू शकते. त्यामुळे टोके तिरकी किंवा नागमोडी कापली जातात.

वजनाचा हिशेब

वर उल्लेखिलेल्या ०.४ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या पंखात फोमच्या गाभ्याचे वजन साधारण १२० ते १३० ग्रॅम भरते. दोन्ही बाजूंचे मिळून ०.८ चौरस मीटर आवरण १२० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेच्या बाल्साचे असल्यास ते सुमारे १४५ ग्रॅम होते. घनता २०० असल्यास तेच २४० ग्रॅम होते. आसंजक प्रति चौरस मीटर ६० ग्रॅम वापरले, तर एकूण ४८ ग्रॅम लागते. निष्काळजीपणाने २०० ग्रॅम वापरले, तर १६० ग्रॅम, म्हणजे संपूर्ण गाभ्यापेक्षाही अधिक वजन केवळ आसंजकाचे होते. या जादा आसंजकाने मजबुती फारशी वाढत नाही, कारण जोड निकामी होताना बहुतेक वेळा आसंजक तुटत नसून त्यालगतचा फोमच फाटतो. चाचणीसाठी चिकटवलेला तुकडा ओढून काढल्यावर लाकडाला सर्वत्र फोमचा थर चिकटून आला, तर जोड योग्य समजला जातो. लाकूड स्वच्छ सुटले, तर तो सदोष ठरतो.

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ३ए या कसरतींच्या प्रकारात विमानाचा पंखविस्तार व लांबी प्रत्येकी २ मीटरच्या आत आणि वजन ५ किलोग्रॅमच्या आत ठेवावे लागते. अशा स्पर्धांमध्ये पंखातील वाचवलेल्या प्रत्येक ग्रॅमला महत्त्व असते.

दोष व त्यांची कारणे

आवरण सुटणे हा सर्वांत गंभीर दोष आहे. धूळ, अपुरा दाब, आळून गेलेले इपॉक्सी किंवा चुकीच्या प्रमाणात मिसळलेला हार्डनर ही त्याची नेहमीची कारणे आहेत. पंखावर नखाने टिचकी मारल्यास चिकटलेल्या भागातून भरीव आणि सुटलेल्या भागातून पोकळ आवाज येतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवलेला पंखही धोक्यात येतो. गडद रंगाचे आवरण अधिक तापते, संपर्क आसंजक उष्णतेने मऊ होते आणि फोममधील हवा प्रसरण पावून पत्रा उचलते.

पंखाला पीळ किंवा बाक येण्यामागे असमान टेबल, एकाच बाजूला आधी आवरण लावून ठेवणे किंवा दोन बाजूंना भिन्न घनतेचे लाकूड वापरणे ही कारणे असतात. दमट हवेत बाल्सा ओलावा शोषून तंतूंना आडव्या दिशेने फुगते व कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे साठवलेले पत्रे चिकटवण्यापूर्वी कामाच्या खोलीतील हवेशी समतोल साधेपर्यंत ठेवले जातात.

इंधनामुळेही नुकसान होते. पेट्रोल इंजिनाच्या विमानात आवरणाच्या भेगेतून इंधन आत शिरल्यास फोम आतल्या आत विरघळतो आणि बाहेरचे लाकूड शाबूत दिसते. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाचे इंधन पॉलिस्टायरीन विरघळवत नाही, परंतु त्यातील तेल लाकडात मुरून पुढील दुरुस्तीत आसंजकाची पकड बसू देत नाही.

दुरुस्ती

लहान फुगा असल्यास त्यावर तंतूंच्या दिशेने बारीक चीर देऊन इंजेक्शनच्या सुईने इपॉक्सी आत सोडतात व वजन ठेवतात. चेपलेल्या भागाचे आवरण चौकोनाऐवजी समभुज किंवा होडीच्या आकारात कापून काढले जाते, म्हणजे नव्या तुकड्याचे सांधे तिरके येतात आणि बल एकाच आडव्या रेषेवर एकवटत नाही. पंख मुळाजवळ मोडला असेल किंवा वरच्या आवरणाला पंखाच्या रुंदीभर आडवी सुरकुती पडली असेल, तर दुरुस्तीपेक्षा नवा पंख बनवणे सुरक्षित मानले जाते. काही किलोग्रॅम वजनाचे वेगवान विमान हवेत तुटल्यास खालील व्यक्तींना गंभीर इजा होऊ शकते.

अन्य पद्धतींशी तुलना

फासळ्यांच्या पारंपरिक पंखापेक्षा फोमच्या पंखाचे भाग थोडे असतात, वातपर्णाचा आकार संपूर्ण पृष्ठभागावर अचूक राहतो आणि सारख्या मापाचे अनेक पंख लवकर बनवता येतात. मात्र अतिशय हलक्या मुक्त-उड्डाण विमानांसाठी फासळ्यांचाच पंख हलका ठरतो, कारण त्यात बहुतांश जागा रिकामी असते. काचतंतू किंवा कार्बनच्या साच्यात घडवलेले पंख अधिक मजबूत व गुळगुळीत असतात, पण साच्याचा खर्च मोठा असतो. एकदोन विमाने घरी बांधणाऱ्यांसाठी फोम व लाकूड ही पद्धत या दोहोंच्या मधली मानली जाते.

सुरक्षितता व पर्यावरण

तप्त तारेला कमी व्होल्टचा विद्युतप्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून दिला जातो. २३० व्होल्टच्या घरगुती जोडणीशी तार थेट किंवा केवळ मंदक लावून जोडणे प्राणघातक ठरू शकते. तापलेल्या पॉलिस्टायरीनमधून स्टायरीनयुक्त धूर निघतो, म्हणून काम हवेशीर जागी केले जाते. इपॉक्सीच्या वारंवार स्पर्शाने त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते, तर पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट श्वसनमार्गाला अपायकारक असते. त्यामुळे हातमोजे वापरावेत आणि बाल्सा घासताना मुखपट्टी बांधावी, अशी शिफारस केली जाते.

पॉलिस्टायरीनचे नैसर्गिक विघटन अत्यंत मंद असते. महाराष्ट्रात गणेशोत्सवातील मखरांसाठी तप्त तारेने थर्माकोल कापण्याची कला दीर्घकाळ प्रचलित होती. २०१८ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यावर बंदी आणली. पंख कापताना उरलेले तुकडे पाळणे म्हणून, नाकाच्या भागासाठी किंवा विमान वाहून नेण्याच्या खोक्यात पुन्हा वापरता येतात.

भारतात

भारतात राष्ट्रीय छात्र सेनेच्या वायुदल शाखेच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंगचा समावेश आहे. बाल्सा लाकूड बहुतांशी आयात होत असल्याने ते महाग पडते, तर थर्माकोल सर्वत्र सहज मिळतो. त्यामुळे फोमच्या गाभ्यावर कागद किंवा चिकटपट्टीचे आवरण देणे आणि लाकूड केवळ दांडे व कडांपुरते वापरणे, असे मिश्र पर्यायही अवलंबले जातात.

हेही पाहा

एरोमॉडेलिंग
बाल्सा
वातपर्ण
पॉलिस्टायरीन
इपॉक्सी
डी हॅव्हिलंड मॉस्किटो